दोन आखूड, एक लांब

जीप म्हणायची ती आपली सवयीने. पूर्वी या किनाऱ्यावर खरोखरीच्या जीपा होत्या, ताडपत्रीच्या छताच्या, केळीच्या मळ्यांच्या मालकांकडे. तेव्हापासून मोटारीपेक्षा उंच आणि ट्रकपेक्षा बुटकं असं जे काही आमच्या चढणी चढेल, त्याला सगळे जीपच म्हणत आले. हिलरॉयची जीप म्हणजे एक आखूड, गोलसर पाठीची, निळी जपानी गाडी. आधी ती जपानात कुणाकडे तरी होती, मग बोटीने आमच्या बेटाच्या राजधानीत, रोझोच्या धक्क्यावर उतरली, मग बरीच वर्षं हिलरॉयकडे होती. हिलरॉय गेला, त्याची मुलगी अँटिग्वाहून येऊन घर बंद करून गेली, आणि जीप ओदिलकडे आली.

ओदिल ला-रोश गावची शिवणारी. नवरा रेनविक जाऊन बरीच वर्षं झालेली. रेनविककडे एक पिकअप होता, त्यात ती आयुष्यभर डाव्या बाजूला बसली. मांडीवर अळूच्या कंदांची पिशवी, पायांशी नीरफणस. गाडी चालवायचा परवाना तिने तरुणपणीच काढला होता आणि दर खेपेला रांगेत उभी राहून तो पुन्हा काढत आली होती. रेनविक हसायचा. "गाडी माझी, परवाना तुझा. संसार म्हणतात तो हाच." तो गेल्यावर पिकअप त्याच्या भावाने नेला, आणि ओदिल पुन्हा रस्त्याच्या कडेला हात दाखवून उभी राहू लागली, लहानपणी आईबरोबर राहायची तशी. फक्त तेव्हा लाकडी फळ्यांचे ट्रक यायचे, नावं रंगवलेले, आणि चालक खाली उतरून आईची टोपली वर चढवायचे.

या किनाऱ्यावर गाडी तिच्या माणसाच्या नावाने ओळखतात. रेनविकचा पिकअप. पाद्र्याची मोटार. बेकरीवाल्याची व्हॅन. ओदिलला एकच ऐकायचं होतं, तेही कुणाच्या तरी तोंडून सहज, मुद्दाम नव्हे: 'ओदिलची जीप.' ही हौस तिने कुणाला सांगितली नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी असली हौस सांगायची कशी?

पहिल्या दिवशी तिने किल्ली फिरवली, आणि डॅशबोर्डमधून एक बाई अतिशय अदबीने जपानीत काहीतरी बोलली. ओदिल दचकली. मग गप्प राहणं बरं दिसेना म्हणून नमस्कार करावा तशी म्हणाली, "बोंजू, मादाम." पुढे तो रिवाजच झाला.

गाडी तिला हळूहळू कळत गेली. आसन हिलरॉयच्या अंगाने दबलेलं होतं. तिला उशी घ्यावी लागली. डावं पुढचं दार आतून उघडत नसे. मागच्या गालिच्याला मासळीचा आणि लिंबाचा वास होता, ऊन चढलं की तो जागा व्हायचा. पण चढणीला काय जोर! रेनविकचा पिकअप ज्या चढावर धापा टाकायचा, तिथे ही जीप गुणगुणत जाई. ओदिल पहिल्यांदा एकटीच वरच्या रस्त्याने गेली तेव्हा खाली समुद्र दिसला, तोच, जन्मापासूनचा. चालकाच्या जागेवरून तो रुंद दिसत होता. तिने गाडी कडेला घेतली आणि नुसती बसून राहिली. मागून एकाने हॉर्न मारला तेव्हा कुठे हलली.

पण लोकांचं काय करायचं? समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करी, हसे, आणि जवळ आल्यावर त्याचं हसू विझे. "अगं, तू होय!" वळणावर थांबलेल्या बायका न विचारता दार उघडून आत बसत, पिशव्या मागे टाकत. बसल्यावर म्हणत, "हिलरॉय बिचारा. कधी नाही म्हणाला नाही हो." उतरताना गाडीच्या टपाला थोपटत. ओदिलला नव्हे.

"कालच कुणीतरी म्हणालं," आयोनीने सांगितलं, "हिलरॉयची जीप रोझोच्या बाजारात उभी होती म्हणून."

आयोनी ओदिलच्या मुलीची धर्ममाता. त्या नात्याने दोघी एकमेकींना माकुमे म्हणत. शिवाय जन्माची मैत्रीण, त्यामुळे बोलताना धरबंध नाही.

"माझी जीप उभी होती," ओदिल म्हणाली.

"मेलेल्या माणसाशी भांडू नकोस गं, माकुमे. हरशील."

आणि ते मा झेलीच्या वळणावरचं. मा झेली हिलरॉयची आई. नव्वदीच्या पुढची, पण ताठ. तिचं घर खाली समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी कड्याला चिकटलेल्या वळणावर होतं. तिथे समोरचं काही दिसत नाही, हॉर्न वाजवल्याशिवाय जायचं म्हणजे जिवाशी खेळ. ओदिल शहाण्यासारखी वाजवायची. आणि दर वेळी वाजवलं की घरांतून दोन-चार बायका हातात भांडी घेऊन बाहेर येत, गाडीत डोकावत, आणि परत आत जात. वरच्या ओसरीत मा झेली उभी राहिलेली दिसे. तीही मग बसे.

एका सोमवारी आयोनी आली ती ओसरीच्या पायरीवरच थांबली.

"मा झेलीने निरोप धाडलाय. माझ्यावर चिडू नकोस."

"काय म्हणते?"

"म्हणते, शिवणारीला सांग, माझ्या पोराचा आवाज काढू नकोस म्हणून."

ओदिलचा चेहरा तापला. "मी? कसला आवाज? गाडीचा हॉर्न आहे, जसा वाजतो तसा वाजतो! विकत घेतलीय मी ती. चोरली नाही."

"चल," आयोनी म्हणाली. "मला खालपर्यंत घेऊन चल. आणि वाजव."

दोघी निघाल्या. पहिलं वळण आलं, ओदिलचा तळवा चाकाच्या मधोमध गेला. आयोनीने जिभेने टक् केलं, जशी ती नापसंतीला करते.

"ऐकलंस?"

"काय ऐकायचं?"

"पुढच्या वळणाला कान दे. स्वतःकडे कान दे."

पुढच्या वळणाला ओदिलने ऐकलं. दोन आखूड, एक लांब. शेवटचा लांब, जरा उतरता. हिलरॉय वरच्या रस्त्याने जायचा तेव्हा रोज संध्याकाळी हेच ला-रोशमध्ये ऐकू यायचं. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिने ते इतकी वर्षं ऐकलं होतं, की वळणावर हॉर्न म्हटला की तो असाच, असं तिच्या हातानेच ठरवून टाकलं होतं. या किनाऱ्यावर प्रत्येकाचा हॉर्न वेगळा. पाद्र्याचा एकच, खाकरल्यासारखा. बेकरीवाला टपटप चार वेळा. ओदिल कधी चालकाच्या जागेवर बसलीच नव्हती, तर तिचा असणार कुठून?

"देवा," ती म्हणाली. "मग सगळे त्याच्याकडेच बघणार नाहीत तर काय!"

त्यानंतर मा झेलीच्या वळणावर ती हॉर्न मारीनाशी झाली. काच खाली करायची, पहिल्या गिअरमध्ये सरपटत जायचं, आणि तोंडाने ओरडायचं, "येतेय! येतेय!" कोंबड्या पळायच्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी समोरून बेकरीवाल्याची व्हॅन आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या, आणि व्हॅनमधले पाव उडून त्याच्या काचेला लागले.

"अहो बाई, हॉर्न काय घरी ठेवलाय?" बेकरीवाला ओरडला. "हिलरॉय असता तर—"

"हिलरॉय नाहीये!" ओदिलही ओरडली. तिने गाडी कशीबशी कडेला लावली आणि तशीच मा झेलीच्या पायऱ्या चढली. आज एक घाव दोन तुकडे. म्हातारीला सांगायचं, की गाडी माझी आहे.

मा झेली तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"बस. मेली नाहीस ना?"

"नाही, मा झेली."

"तू रेनविकची. माझ्या नातीचा शाळेचा झगा तूच शिवला होतास. एक बाही लांब झाली होती."

"तिचाच एक हात आखूड असेल."

म्हातारीने आता मान वर केली. तोंडात दात नव्हते, तरी हसली. "ये, जवळ ये. शेंगा घे. बोलताना हात रिकामे नकोत."

ओदिलने शेंगा घेतल्या. येताना मनात जुळवलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मी मुद्दाम करत नव्हते," ती म्हणाली. "हाताला कळलंच नाही. तुम्हाला त्रास झाला, तर..."

"मला त्रास त्याच्या आवाजाचा नाही. पोराचा आवाज ऐकायला मिळाला तर कुठल्या आईला नको असतो? तुला वाटलं तो हॉर्न हिलरॉयचा?"

"मग कुणाचा?"

मा झेलीने बाजूची रिकामी टोपली उलटी केली आणि बुडावर बोटांनी वाजवलं. दोन आखूड, एक लांब. लांबच्या वेळी बोट घासत नेलं.

"होड्या यायच्या तेव्हा खाली काय वाजायचं, पोरी?"

ओदिलच्या हातातली शेंग तशीच राहिली. शंख. तिच्या लहानपणी होडी वाळूला लागली की कोळी शंख फुंकायचे, आणि डोंगरावरच्या वाड्यांतून मुलं वाडगे घेऊन धावत सुटायची. ती धावली होती. अनवाणी, हातात जस्ताचा वाडगा, आईने दिलेली नाणी मुठीत. पायवाटेवर तेजपानाचा वास, गुडघे फुटलेले, आणि खालून तो शंख. प्रत्येक होडीचा वेगळा. तेव्हा ऐकूनच कळायचं, आज कुणाला काय गावलं ते. किती वर्षं तिने त्या शंखाची आठवणही काढली नव्हती. शंख फुंकणारी शेवटची होडी वादळात गेली आणि त्यानंतर कुणी फुंकला नाही.

"ओग्युस्तँचा शंख," मा झेली म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा. ही आमच्या घरची हाक. तो बुडाला, मग शंख फुटला. पोराने हाक गाडीत घातली. संध्याकाळी यायचा, वाजवायचा, गाडीच्या मागच्या दारातून मासा द्यायचा. आधी मला, मग या शेजारणींना. बोलावलं आणि दिलं नाही, असं या घरात कधी झालं नाही. आणि तू रोज वाजवतेस. बायका भांडी घेऊन येतात. तू हात हलवून निघून जातेस!"

"अगं बाई!" ओदिलने कपाळाला हात लावला. "मला वाटायचं, त्या हिलरॉयला बघायला येतात."

"हिलरॉयला बघायला? त्याच्यात बघण्यासारखं काय होतं? बापाचं नाक घेतलं होतं त्याने." असं म्हणून म्हातारीने डोळे पुसले, आणि शेंगांचा कचरा वाऱ्यावर टाकला.

हातातल्या शेंगा सोलून संपल्या. मग ओदिल उठली.

"मी दुसरं काहीतरी वाजवीन."

"वाजव ना. पण उद्या मला खाली किनाऱ्यावर ने. कितीक दिवस मी मासळी स्वतःच्या हाताने निवडली नाही. पोरगा निवडायचा, आणि त्याला निवडता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मा झेली पांढरी टोपी घालून रस्त्यावर उभी होती. बाहेरून दार उघडून आत बसली. किल्ली फिरताच जपानी बाई बोलली.

"ही कोण?"

"माहीत नाही. रोज काहीतरी सांगते."

"कुणी विचारत नाही तरी बोलते? आपल्यातलीच दिसतेय."

खाली दोन होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. मा झेलीने प्रत्येक तांबोशीचा डोळा पाहिला, गलफडं उचलून पाहिली, एका कुप्याला नाक लावून "काल मेलाय" असं म्हणून कोळ्याला लाजवलं. कोळी ओदिलकडे बघून म्हणाला, "ही म्हातारी कुठून आणलीत?" परातभर मासळी मागच्या बाजूला गेली. पाणी गालिच्यावर सांडलं. ओदिलने तोंड फिरवलं; तिने तो गालिचा कालच साबणाने घासला होता.

वळण जवळ आलं. ओदिलचा हात चाकावर थबकला.

"वाजव," मा झेली म्हणाली.

"माझं काहीतरी? अजून ठरलं नाही हो."

"तुझं तू पुढच्या वळणाला बघ. आज मासा आहे. आमचं वाजव."

ओदिलने वाजवलं. शेवटचा लांब तिने जरा जास्तच लांबवला, त्याला कारण नव्हतं. दारं उघडली. बायका आल्या, पण या खेपेला भांडी कंबरेवर टेकवून, सावकाश. इतक्या दिवसांत फसल्या होत्या त्या. सगळ्यात पुढची डोकावली आणि तिला आधी परात दिसली, मग मा झेली.

"मा झेली! हिलरॉयच्या जीपमध्ये तुम्ही?"

"हिलरॉय गेला, बाई," मा झेली म्हणाली. अगदी सरळ. "हाक आमच्या घरची आहे. जीप ओदिलची आहे. भांडं पुढे कर, मासा गरम होतोय."

सगळ्यांना वाटून झालं तेव्हा ओदिलच्या वाट्याला एक तांबोशी उरली. ती मा झेलीनेच निवडून बाजूला ठेवली होती. म्हातारीला पायऱ्यांवर पोचवून ती परत गाडीत बसली. काही बोलायचं होतं, पण मा झेली तोवर कुणाला तरी लिंबासाठी हाका मारत होती.

वरच्या वाटेवर अजून ऊन होतं. खवले सगळ्या आसनावर चिकटले होते, वास नाकात बसला होता. ओदिलच्या डोक्यात मात्र नवंच काहीतरी चाललं होतं: शंख नाही, हिलरॉय नाही, मग काय? बाप तिचा डोंगरावरचा, होडी नसलेला. त्याच्याकडे कसली हाक असणार!

ला-रोशच्या आधीचं वळण आलं. तिने तळवा ठेवला आणि विचार न करता दाबला. एक मध्यम, मग थांबून आणखी एक, तो मधेच तुटला. वाईट वाजलं. शेळीने शिंकावं तसं.

वरच्या घराच्या खिडकीतून आयोनीचा आवाज आला. "कोण आहे गं? कुणाची गाडी ही?"

"माझी!" ओदिल गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून ओरडली. "ओदिलची!"