बाकड्यावरची टकटक

आमच्या गौरवीला बघायला सुर्ल्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या भावाने, गोकुळदासाने, सगळ्यात आधी काय केलं असेल? मांजरं लपवली! रस्त्याकडच्या जनेलाची काच फुटलेली, ती तशीच राहिली. मांजरं मात्र लाकडांच्या खोलीत कोंडून वर कडी.

मांजरं दोनच, पण आमच्या पेडण्यात कुणी फुकटसुद्धा नेली नसती अशी. कापशी पांढरीशुभ्र आणि जन्माची ठार बहिरी. सावळूचे डोळे पिल्लू असतानाच पू होऊन गेलेले. गौरवी तुयेला कारखान्यात जाते, तिथल्या गेटजवळून तिने एकेकाला उचलून आणलं. तेव्हापासून आमच्याकडे खुर्ची हलवायची सोय नाही, सावळू आपटतो म्हणून. कापशीला हाक मारायची तर ती बसलीय त्या लाकडावर बोटांनी टकटक करायची. अंगाखाली हादरा लागला की ती उठते. माझे गुडघे दुखतात ते कुणी विचारत नाही, आणि मी, म्हातारी आत्या, मांजरासाठी टकटक करत फिरते! पण करते, मेलं. जीव लागलाय.

पाहुणे आले. मुलगा गौरेश, खाणीवर खनिज फोडायच्या यंत्रावर कामाला, आणि त्याची आई रुक्मिणीबाई. मुलगा बाकड्यावर बसला, आई समोर खुर्चीत.

"काम कसं काय चाललंय?" गोकुळदासाने मुलाला विचारलं. मुलगा गोड हसला. उत्तर आईने दिलं.

"सुट्टी कधी असते?" मुलगा पुन्हा हसला. पुन्हा आईच बोलली.

"किती शालीन गो!" भाऊ माझ्या कानात पुटपुटला. शालीन कसला! मला वाटलं, पोरगा जीभ सुर्ल्यालाच विसरून आलाय.

तेवढ्यात गौरवी शिरा घेऊन आली आणि तिच्या मागोमाग दोन्ही मांजरं. कडी कुणी काढली ते तिच्या तोंडावरूनच कळलं. कापशी उडी मारून बाकड्यावर मुलाशेजारी मुटकुळं करून पडली. सावळू खुर्च्यांचे पाय हुंगत हुंगत निघाला.

"आंधळं?" रुक्मिणीबाई किंचाळल्या.

"हो. आणि ही बहिरी," गौरवी म्हणाली.

"गे बाय माझे! हे बघा, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण असलं व्यंगाचं काही माझ्या घरात चालायचं नाही. लग्नाआधी बाजारात सोडून यायची. मासळी खाऊन जगतील."

"नाही जगणार. एकाला गाडी दिसायची नाही, दुसरीला ऐकू यायची नाही," गौरवी म्हणाली.

"सोडू, सोडू! त्यात काय एवढं?" गोकुळदास म्हणाला. पोरीचे डोळे भरून आले होते आणि बाप शिऱ्याची बशी पुढे करत होता. असा संताप आला मला!

गौरवी कापशीला न्यायला बाकड्यामागे गेली आणि सवयीने तिने टकटक केली. कापशीने मान वर केली. शेजारी गौरेशही दचकून वळला. गौरवी त्याच्याकडे बघतच राहिली. तो पुन्हा पुढे बघायला लागला तशी तिने मागून मोठ्याने हाक मारली, "गौरेश!" शेजारच्यांचा कुत्रा भुंकला, पण हा ढिम्म. तिने परत टकटक केली. हा वळला.

आणि सावळू? तो केव्हाचा रुक्मिणीबाईंच्या पर्सला कान लावून बसला होता. आता त्याने पंजा मारला. पर्स आडवी झाली आणि कानात घालायची दोन छोटी मशिनं बारीक शिट्टी वाजवत जमिनीवर घरंगळली.

"सर्दी झालीय त्याला," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आईने सर्दीचं पुन्हा सांगितलं तोवर गौरेशने वाकून मशिनं उचलून कानांत बसवली होती. "सर्दी नाही. यंत्राच्या आवाजाने कान गेले माझे. लग्न ठरेपर्यंत काढून ठेव, असं आई म्हणाली." मग त्याने गौरवीचा चेहरा बघितला. "रडतेयस का? आई काय बोलली?"

माझ्याने कुठे राहवतंय! म्हटलं, "व्यंगाचं घरात नको, बाजारात सोडून यायचं, असं बोलल्या."

पोरगा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मला कुठल्या बाजारात सोडणार होतीस, आई?"

रुक्मिणीबाईंनी पदर सारखा केला.

"मांजरं येतील आमच्याकडे," तो गौरवीला म्हणाला. "तू येणार असशील तर."

"अरे, पण लोक काय म्हणतील?" आई कळवळली.

"लोकांचं तू ऐक." गौरेशने मशिनं काढली आणि आईच्या हातावर ठेवली.

गौरवीने डोळे पुसले आणि हसून बाकड्यावर टकटक केली. कापशीने एक डोळा उघडून परत मिटला. तो मात्र लगेच वळला.