तळघरातली सुरगाठ

मित्रांनो, मी एक जुना फडका आहे. पांढरा, मलमलचा, मधोमध जरा विरलेला. माझ्या चारही टोकांना काही चुण्या पडल्या आहेत. कितीही धुतलं तरी त्या जात नाहीत. काही जण मला भूत समजले होते. ते अगदीच चुकले असं मला वाटत नाही.

जन्माने मी धोतर. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांचं. वर्षानुवर्षं धुतला जाऊन मी विरलो, तेव्हा त्यांनी माझे चौकोनी तुकडे केले आणि त्यांतला एक, म्हणजे मी, आपल्या मुलीच्या बॅगेत ठेवला. मुलीचं नाव उत्तरा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि लग्न होऊन अमेरिकेला निघालेली.

"दही टांगायला हा घे," मास्तर म्हणाले. "याचीच कड फाडून पट्टी केली आहे, ती बांधायला. आणि निरगाठ मारू नकोस. निरगाठ ओली झाली की बसते. सुरगाठ मार. भार धरते, पण टोक ओढलं की सुटते."

"बाबा, मला सहाव्या वर्षापासून येते सुरगाठ."

"येते ते माहीत आहे. तरी सांगतो."

असा मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आलो. उत्तराचा नवरा नरेंद्र मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्यांच्या घराला तळघर होतं. तिथे भट्टी होती, जी हिवाळ्यात घर ऊबदार ठेवी, आणि छताखालून एक पाण्याचा नळ जात होता. त्या नळाला एक आकडा होता. तीच माझी जागा. भट्टीच्या पत्र्याच्या नळ्या वरच्या खोल्यांपर्यंत जात, आणि त्यांतून वरचं सगळं बोलणं मला ऐकू येई.

उत्तरा घरी विरजलेलं दही माझ्यात ओतायची, चारही टोकं गोळा करायची, पट्टीने सुरगाठ मारायची आणि मला आकड्याला अडकवायची. निवळी थेंबाथेंबाने खालच्या पातेल्यात पडे. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात घट्ट चक्का तयार असे. तो काढून झाला, की थोडा माझ्या अंगाला चिकटून राही. मग उत्तरा जिन्याकडे तोंड करून हाक मारी, "अहो, फडका खरवडायला या!" नरेंद्र चमचा घेऊन धावत येई. एवढा मोठा इंजिनिअर, पण त्या खरवडीसाठी तो फोन अर्ध्यावर ठेवत असे.

त्यांची मुलगी नीला चार वर्षांची असताना एकदा खेळणं शोधत खाली आली. अंधुक उजेडात मी टांगलेला होतो, गोल डोक्याचा, खाली टपकणारा. ती किंचाळली, "घोस्ट! मम्मा, घोस्ट!"

उत्तराने तिला उचललं नाही. हात धरून माझ्याजवळ आणलं. "भूत नाही गं, दही आहे. पाणी पातळ, ते गळून खाली जातं. दही मागे राहतं. बघ, हात लाव."

नीलाने बोट लावलं. "इट्स कोल्ड."

"भुतं गारच असतात," उत्तरा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या वर्षीपासून हॅलोविनचा, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाचा, खाऊ ठरून गेला. शाळेच्या पार्टीला बाकीच्या आया केक भाजून आणत. उत्तराच्या ओव्हनमध्ये कढया, परात आणि पोळ्यांचा तवा ठेवलेला असे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत तसंच होतं. "ओव्हन रिकामा करायचा, म्हणजे कढया कुठे ठेवू?" असं ती विचारी. म्हणून तिने न भाजता करायचा खाऊ शोधला. चक्क्यात पिठीसाखर आणि वेलची घालून श्रीखंड. कागदी पेल्यात चॉकलेटच्या बिस्किटांचा चुरा, ती स्मशानातली माती. तिच्यावर चमच्याने श्रीखंडाचा उंच गोळा, ते भूत. चॉकलेटचे दोन दाणे, ते डोळे. डोळे लावायचं काम नीलाचं. तिरळी भुतं जास्त व्हायची, आणि मुलं तीच आधी उचलायची.

मग १९८३ सालचा दसरा आला. आदल्या दिवशी उत्तराने मला बांधलं. जिना चढताना ती मध्येच थांबली. कठडा धरला, मग वर गेली. वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग नरेंद्रचा ओरडलेला आवाज, मग सायरन. तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, असं नंतर नळ्यांतून कानावर आलं. ती परत आली नाही.

मित्रांनो, मी तिथेच टांगलेला होतो. टप्. टप्. मग थेंब थांबले. वर माणसं आली, रडली, गेली. दह्याला वास सुटला. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या सुलेखाकाकू खाली आल्या. त्या मूळच्या नागपूरच्या. उत्तराच्या मैत्रीण. त्यांनी माझ्या गाठीला हात घातला, तेवढ्यात जिन्यावरून नरेंद्र म्हणाला, "गाठ सोडू नका, वहिनी."

"भाऊजी, आतलं सडलंय."

"गाठ तिने मारली आहे."

गाठीखालच्या फटीतून सुलेखाकाकूंनी चमच्याने सगळं काढलं, आणि मला गाठीसकट धुतलं. नरेंद्रने स्वतः मला पुन्हा आकड्याला लावलं.

त्यानंतर मी खरोखरच भूत झालो. पोट रिकामं, मान आवळलेली. भट्टी सुरू झाली की गरम हवेने मी फुगायचो, बंद झाली की खाली बसायचो. नीलाची मैत्रीण जेनी एकदा खाली आली आणि म्हणाली, "वॉव, युअर घोस्ट ब्रीद्स!" नीला तिला घेऊन लगेच वर गेली. नरेंद्र मात्र कधीतरी येई, माझ्याखाली उभा राही, आणि माझ्या गाठीकडे बघत राही. हात लावत नसे. त्याला वाटे, ही निरगाठ आहे. एकदा सुटली की जगातली उत्तराच्या हातची शेवटची गोष्ट संपली.

पुढचा ऑक्टोबर आला. शाळेतून विचारणा झाली, पार्टीला कोण काय आणणार. नीलाने हात वर केला आणि सांगून टाकलं, "घोस्ट्स."

"आपण दुकानातून कपकेक आणू," नरेंद्र म्हणाला. नळ्यांतून मला स्पष्ट ऐकू आलं.

"नो. आय प्रॉमिस्ड घोस्ट्स. एव्हरीबडी आस्क्ड."

नरेंद्रने प्रयत्न केला. दुकानातलं दही आणलं आणि कॉफीच्या कागदी गाळणीत ओतलं. ते तासन्‌तास तसंच थलथलत राहिलं. थेंबसुद्धा पडला नाही. संध्याकाळी सुलेखाकाकू आल्या आणि डब्यावरचं लेबल वाचून म्हणाल्या, "यात जिलेटिन आहे. ते पाणी धरून ठेवतं, सोडणार कसं? आणि गाळणी कशाला? घरात फडका आहे ना?"

वर भांडं बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"माझ्याकडे दही लागलंय," काकू हळूच म्हणाल्या. "उत्तराने दिलेल्या विरजणाचंच आहे. तिचं विरजण मी एकदाही मरू दिलं नाही."

मग जिन्यावर पावलं वाजली. दहा वर्षांची नीला पुढे, मागे काकू, त्यांच्या हातात पातेलं. सगळ्यांत मागे नरेंद्र. तो शेवटच्या पायरीवरच थांबला.

"दुसरा कपडा बघू," तो म्हणाला. "नवीन आणू. नीला, प्लीज. ती गाठ सोडली की परत तशी बसणार नाही."

नीला माझ्याखाली स्टूल ठेवून चढली. तिचा चेहरा माझ्याजवळ आला. हुबेहूब उत्तराचं कपाळ. तिने गाठ नीट बघितली आणि पट्टीचं लोंबतं टोक बोटात धरलं.

"बाबा, इट्स नॉट अ निरगाठ," ती म्हणाली. "इट्स अ सुरगाठ. आईने मला शिकवली होती, बुटाच्या लेसवर. धिस एंड इज फॉर पुलिंग. आईने ओढायलाच ठेवलंय ते."

नरेंद्र बघत राहिला. वर्षभर तो त्या गाठीकडे बघत आला होता. लोंबतं टोक त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"ओढू?" नीलाने मराठीत विचारलं.

त्याने मान हलवली.

तिने ओढलं. मित्रांनो, मला वाटलं होतं फार दुखेल. पण उत्तराने मारलेली गाठ एका झटक्यात, आवाज न करता सुटली. चारही टोकं पसरली आणि मी नीलाच्या डोक्यावर पडलो. क्षणभर स्टुलावर एक छोटं पांढरं भूत उभं होतं.

"बू," भूत म्हणालं.

त्यांनी मला धुतलं, दही ओतलं, टोकं गोळा केली. सुरगाठ नीलाने मारली. पहिली घसरली, दुसरी बसली. मग तळघरात पुन्हा टप् असा आवाज आला. नरेंद्र जिन्यावर बसून तो ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी चक्का निघाला. नीलाने तो भांड्यात काढला. जरासा माझ्या अंगाला चिकटून राहिला होता. ती थांबली. पुढे काय करायचं असतं ते तिला माहीत होतं. या कामाची हाक तिने एकाच तोंडून ऐकली होती, आणि बाबांना असंच बोलावतात असं तिला वाटत होतं. जिन्याकडे तोंड करून ती ओरडली, "अहो, फडका खरवडायला या!"

वर खुर्ची सरकली.

मग चमच्यांचा कप्पा उघडल्याचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलं. धावत येणारी.

मित्रांनो, मी अजून त्या घरात आहे. आता मी तळघरात लोंबत नाही. घडी करून ओव्हनमध्ये ठेवतात मला, कढयांच्या शेजारी. तुमच्याही घरात असा एखादा फडका, वाटी, साचा असेल, कुणाच्या तरी हातचा. त्याला टांगून ठेवून त्याच्याकडे बघत बसू नका. कामाला लावा. काम झालं की आधी गार पाण्यात धुवा. गरम पाण्याने दुधाचा अंश धाग्यातच घट्ट बसतो. आणि बांधाल तेव्हा सुरगाठ मारा. एक टोक मोकळं सोडा, पुढच्या हाताला ओढता येईल असं.