रविवारपर्यंत

काचेच्या बशीच्या झाकणाला आतून बारीक थेंब धरले होते, आणि थेंबांखाली जिवाणूंची ती निळसर हिरवी साय... सुकन्यानं झाकण किंचित उचललं. द्राक्षांसारखा गोड वास. तिनं ते लगेच परत लावलं.

"मॅडम, यांना कसं कळतं, आपण किती जण आहोत ते?" पुढच्या बाकावरच्या रोहिणीनं विचारलं.

बीडच्या कॉलेजात सात वर्षं सुकन्या हेच शिकवत होती — प्रत्येक पेशी एक रेणू बाहेर सोडत राहते; एकटी असेल तर तो विरून जातो, गर्दी वाढली की साचतो, पुन्हा पेशींत शिरतो, आणि मग सगळ्या एकदम वागणं बदलतात — विष बनवतात, हा हिरवा रंगही. तोवर गप्प. बोलता बोलता तिला फोनवरचा मायचा आवाज ऐकू आला, गेल्या पोळ्याच्या सुमाराचा — शेळ्यांमागं फिरताना मायच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, अंगात साखर, जखम भरत नव्हती... "पट्टीला हिरवट डाग पडतोय गं. आन् दराक्षावानी वास येतोय." इतकं नेमकं! आणि मी... मी परिषदेसाठी शोधनिबंध लिहीत होते, याच जिवाणूवर, आणि म्हणाले, "मिठाच्या पाण्यानं धू, रविवारी येते." रविवारी पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता; गुडघ्याखाली कापावा लागला.

तास संपल्यावर तिनं लिंबागणेशची, मायच्या गावची एसटी धरली. सांगायचंच. आज सांगायचंच.

माय, भिवराबाई, ओसरीवर बसली होती. शेळ्या आता शेजारची अंजना राखायची.

"माय, तू वासाचं सांगितलंस तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. दवाखान्यात जा म्हणायला पाहिजे होतं. पाय वाचला असता." ती एका दमात बोलली, आणि शिव्यांची वाट बघत राहिली.

भिवराबाई म्हणाली, "अंजना म्हनत होती, चल दवाखान्यात. म्या म्हनलं, कावून? लेकीला सांगितलंय म्या. तिला लई कळतं."

आवाजात राग नव्हता. सुकन्याला हे ठाऊकच नव्हतं — म्हणजे न्यायला कुणीतरी दारात उभं होतं, आणि अडवलं ते मी... इथं नसताना.

मायनं लुगडं सारून गुडघ्याखालचं टोक पुढं केलं. "हितं खाज येतीय. बघ बरं, तू हायेस तवर."

सुकन्या वाकली. कातडी कोरडी, स्वच्छ, व्रण भरलेला. सगळं ठीक होतं, दिसतच होतं — तरी तिला ते म्हणता येईना. ती बोटांनी चाचपत राहिली, पुन्हा, पुन्हा, आणि माय तिच्या तोंडाकडं बघत होती, शांतपणे, ती सांगेल ते खरं धरून चालायच्या तयारीनं...