आस्तराखालची सहा नावं

मी बाळाची रेशमी टोपी बोलतेय. माझं कापड लंडनमध्ये विणलं. विणणारे आपला प्रोटेस्टंट पंथ जपायला कॅथलिक फ्रान्समधून पळून आलेले. त्यांना ह्यूगेनॉट म्हणत. बाप्तिस्म्याला मला घालायचं, मग पेटीत ठेवायचं. लेकीला लेक झाली की मी तिच्या घरी. तीनशे वर्षं मी अशीच फिरले.

आत्ताची माझी मालकीण विनिफ्रेड, वय बहात्तर. तिचं भाड्याचं घर विकलं जात होतं. गावात ह्यूगेनॉट वंशाच्या म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, पण वंशाचा लेखी पुरावा लागतो. तिची लेक टॅम्सिन वर्षभर आईच्या माहेरच्या, लफेव्हर आडनावाचा माग काढत होती. आडनाव फ्रेंच, म्हणून सगळे निर्धास्त!

एके दिवशी ती कागद घेऊन आली. "आई, तुझे पणजोबा कॅथलिक निघाले गं. हॉटेलात आचारी म्हणून आले होते!"

"तरीच माझं सूप बरं होतं."

"हसतेस काय? राहणार कुठे तू?"

विनिफ्रेडनं कागद दुमडून ठेवले. मला मात्र सगळं ठाऊक होतं, विचारतंय कोण?

पुढच्या रविवारी टॅम्सिनच्या तान्हीचा, आयव्हीचा, बाप्तिस्मा. टॅम्सिन मला चाचपत बसली. "आत टाचणी राहिली असेल तर?"

"अगं, मी घातली, तू घातलीस. कुणाला टोचली?"

"तरी मी बघणारच."

तिनं आस्तर उसवलं. ते विनिफ्रेडच्या आईच्या आईनं लावलेलं. टाचणी नव्हती. जुन्या रेशमावर सहा नावं दोऱ्यानं भरलेली होती, साल घालून. पहिलं, एस्तेर मार्तेल, १७२१.

"आई, या सगळ्या बायकाच आहेत."

"मग? आपण काय नुसत्या बापांपासून झालो?"

टॅम्सिन आयव्हीला पोटाशी बांधून दप्तरखान्यात गेली. सालं हातात होती, एकेका लेकीची नोंद सापडत गेली. फ्रेंच चर्चच्या वहीत आईचं माहेरचं नाव लिहायची रीत होती. एस्तेरच्या नोंदीत तिच्या आईचं नाव, माहेर आणि फ्रान्समधलं गावसुद्धा होतं.

पुरावा मान्य झाला; आता मी विनिफ्रेडच्या नव्या खोलीत, खिडकीपाशी असते. माझ्यावर तिनं सातवं नाव आपल्या आईचं भरलं, मग स्वतःचं, टॅम्सिनचं, आयव्हीचं. आस्तर परत लावलंय, पण दोनच सैल टाक्यांनी.

बायांनो, बाळाला जुनं काही घालाल तर आधी उलटून बघा. भित्री म्हणोत कुणी. टॅम्सिनलाही म्हणायचे.