बाकावरच्या टाळ्या

आमच्या ह्यांना डोंबिवलीत सगळे 'सर' म्हणतात. दूधवाला म्हणतो, वाणी म्हणतो, भांडून गेलेला शेजारीसुद्धा दुसऱ्या दिवशी 'काय सर' म्हणूनच हसतो. कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ ह्यांनी उभा केला आणि तो इतक्या वेळा जिंकला, की कपाटातल्या ढाली पुसायचा मला कंटाळा आला. ह्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली रेल्वेत लागल्या, बँकेत लागल्या, एक तर पोलिसात आहे. यश म्हणतात ते हेच असेल, तर आमच्या घरात ते ठेवायला जागा नाही.

हे मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे आणि मी शेजारच्या माजिवड्याची. बाळकुमला भात कापून झालं की पोरं रिकाम्या शेतात बांबू रोवायची, जाळं बांधायची आणि अंधार पडेपर्यंत खेळायची. हे तिथेच शिकले. कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तिथल्या काही प्राध्यापकांनी नाक मुरडलं. 'आता हा सगळं गाव इथे आणून भरणार,' असं एक जण ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला. ते ह्यांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. पुढे सख्ख्या पुतण्यालाही ह्यांनी कॉलेजच्या फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. गावची भाषासुद्धा फाटकाबाहेर ठेवली. मैदानावर मुलींना 'अगं' म्हणायचं आणि घरी आल्यावर आमच्या हेमाला 'गो'.

हेमा आमची एकुलती एक. चालायला लागली तशी ह्यांच्या मागे मैदानावर जायची, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायला मदत करायची आणि स्वतःच पांढरी होऊन घरी यायची. मोठी झाल्यावर ह्यांच्याच कॉलेजात, ह्यांच्याच संघात गेली. सेटर होती. म्हणजे एकीने उचललेला चेंडू नेटपाशी अलगद वर काढून द्यायचा, मग तिसरीने तो हाणायचा. टाळ्या हाणणारीला पडतात. पण हेमाने काढून दिलेला चेंडू हाणायला कोणालाही जमेल, असं मुलीच म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी ह्यांनी तिला बजावलं, "मैदानावर मी तुझा बाप नाही. सर म्हणायचं." घरी आल्यावर उंबरठ्याबाहेर बूट काढले की मग ती 'बाबा' म्हणायची. कधी मुद्दाम एक बूट पायात ठेवून विचारायची, "सर, भूक लागली, आत येऊ का?" आम्ही तिघंही हसायचो.

ह्यांचा आणखी एक नियम होता. बाकावर बसलेल्या मुलींनी तोंड पाडून बसायचं नाही. आपल्या प्रत्येक पॉइंटला टाळ्या वाजवायच्या, ताठ बसून, सामना संपेपर्यंत.

हेमाचं शेवटचं वर्ष होतं. ठाण्याला होणाऱ्या कॉलेजांच्या अंतिम सामन्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलींना रेल्वे नोकरीत घ्यायची. घरात तिच्यासाठी स्थळं यायला लागली होती. आत्याबाई तर दर रविवारी एक घेऊन यायच्या. हेमा मला म्हणाली, "आई, एकदा रेल्वेत लागू दे. मग लग्न कधी करायचं ते माझं मी बघेन. पोह्यांची बशी घेऊन कोणासमोर मान खाली घालून उभी राहणार नाही मी, सांगून ठेवते." मी तिच्यासाठी ह्यांच्या जुन्या पँटचं कापड घेतलं, आत गादीतला स्पंज भरला आणि गुडघ्यांवर बांधायच्या नवीन पट्ट्या शिवल्या. सगळा मोसम तीच सेटर होती. त्या सकाळी निघताना मी ह्यांना विचारलं, "आज पोरीला खेळवाल ना?"

"तिच्याबिगर कोन हाय गो मना?" हे म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं.

सामन्याआधी मंडपात चहा होता. निवड समितीचे त्र्यंबकराव तिथे आले. ठाण्यातलं मोठं प्रस्थ. कप हातात घेऊन, चारचौघांत, हसत म्हणाले, "काय महिपतराव, सेटर घरचीच का? बरी सोय आहे." हेही हसले. पण कान लाल झाले आणि कपातला चहा तसाच राहिला. मी शेजारीच उभी होते.

मुली रांगेत उभ्या राहिल्या. हेमा पट्ट्या बांधून, बोटं मोडत तयार होती. ह्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "चित्रा, तू चल. हेमा, बस."

चित्रा दुसऱ्या वर्षाची. चांगली पोरगी, पण हात कच्चा. तिच्या तर तोंडचं पाणीच पळालं. हेमाला वाटलं, सर काहीतरी डाव टाकताहेत, थोड्या वेळाने बोलावतील. ती बाकाच्या अगदी टोकाशी बसली, उठायला सोपं जावं म्हणून.

पहिले दोन सेट आपण हरलो. कॅप्टन मुलगी येऊन काकुळतीने म्हणाली, "सर, हेमाला घ्या ना." हे म्हणाले, "मला शिकवू नकोस, जा." माझ्या डोळ्यांसमोर निवड समितीची माणसं मांडीवर कागद ठेवून बसली होती आणि माझी पोर त्यांच्यासमोर बसून टाळ्या वाजवत होती. ताठ, नियमाप्रमाणे, चित्राच्या प्रत्येक चेंडूला. मला ह्यांचा इतका राग आला, की मी देवाला म्हटलं, हरू दे. सगळ्या हरू देत. हरल्या तर ह्या माणसाला कोणीतरी जाब विचारील.

पण मुली इरेला पेटल्या आणि पाचव्या सेटला जिंकल्या. जिंकलेल्याला कोण जाब विचारणार? मुलींनी ह्यांना खांद्यावर घेतलं. त्र्यंबकरावांनी पाठ थोपटली. विद्यापीठाच्या संघात चित्राचं नाव लागलं. न खेळलेलीला कोण घेणार?

डोंबिवलीला घरी पोचलो. दाराला कुलूप होतं. हेमाने उंबरठ्याबाहेर बूट काढले, नीट जोडीने ठेवले आणि म्हणाली, "सर, किल्ली तुमच्याकडे आहे."

मला वाटलं, थकलीय, तोंडातून गेलं. पण त्यानंतर तिने ह्यांना पुन्हा कधी 'बाबा' म्हटलं नाही. घरात नाही, लग्नात नाही, पाठवणीच्या वेळी पाया पडतानासुद्धा नाही. हे एकदा चिडले, एकदा समजावून पाहिलं, मग नाद सोडला. त्या दिवशीच्या गुडघ्याच्या पट्ट्यांना मातीचा कणही लागला नव्हता. तरी मी त्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. धुताना रडले.

चित्रा रेल्वेत लागली. हेमाने वर्षभर एका केमिकल कंपनीत टायपिंग केलं, संध्याकाळी घरी यायची तर केसांना तो वास. मग आत्याबाईंच्या एका स्थळापुढे पोह्यांची बशी घेऊन उभी राहिली. मी आतून बघत होते. मान खाली होती. नवरा सरळ माणूस आहे, कल्याणला घर आहे, तक्रार करावी असं काही नाही. ती माहेरी येत नाही. मीच तिच्याकडे जाऊन येते.

इकडे ह्यांची कीर्ती वाढतच गेली. पोटच्या पोरीलाही बसवणारे निःस्पृह सर! जिथे जातील तिथे लोक ही गोष्ट सांगायला लावायचे आणि हे सांगायचेही. दर वेळी मी उठून आत जायचे.

गेल्या महिन्यात हे निवृत्त झाले. कॉलेजने सत्कार ठेवला. मला शेजारी खुर्ची दिली होती. हेमा आली होती, मागच्या रांगेत होती. चित्रा बोलायला उठली आणि रडलीच. "सरांनी स्वतःच्या मुलीला बसवलं आणि मला उभं केलं. माझ्यासाठी ते बाबाच आहेत." मग प्रमुख पाहुणे उठले. त्र्यंबकराव. आता पार म्हातारे झालेत, पण आवाज तोच.

"तुम्हाला गंमत सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवशी चहाला मीच ह्यांना चिडवलं होतं, सेटर घरचीच का म्हणून! मी आपली थट्टा केली हो. आम्ही तर सगळे त्या मुलीलाच बघायला आलो होतो, तिचं नाव जवळजवळ ठरलेलंच होतं. पण हा माणूस बघा! लोक बोलतील म्हणून नखाएवढा डागसुद्धा लावून घेतला नाही!"

सभागृह हसलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ह्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. मागच्या रांगेत हेमा टाळ्या वाजवत होती. ताठ बसून, इतरांच्या थांबल्या तरी आणखी थोडा वेळ.

माझी ओटी भरली आणि माईक हातात दिला. 'काकू, सरांबद्दल दोन शब्द.' मी म्हटलं, "मला खेळातलं कळत नाही. त्या दिवशी माझ्या मुलीच्या गुडघ्याला माती लागली नव्हती, एवढंच मला माहीत आहे." लोकांना ते कौतुकच वाटलं. पुन्हा टाळ्या.

मग जुन्या विद्यार्थिनी एकेक करून पाया पडायला आल्या. रांगेत हेमाही होती, माजी विद्यार्थिनी म्हणून. ती वाकली आणि म्हणाली, "अभिनंदन, सर."

ह्यांनी तिचा हात धरला. इतक्या माणसांत, माईक समोर असताना, ह्यांच्या तोंडून गावची भाषा निघाली. "घराला कवा येशील गो, बाय?"

हेमाने हात हळूच सोडवून घेतला. "तुम्ही बोलावलंत की येईन ना, सर," ती म्हणाली. "मी बसलेलीच आहे."

आणि मागच्या मुलीला जागा द्यायला ती बाजूला झाली.