पुत्राच्या द्वारे

रुस्तिकानाने नवऱ्याच्या अंगरख्याचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. हिल्देवार भिंतीकडे पाहत उभा होता.

इटलीतल्या रावेन्ना शहरात, गॉथ लोकांच्या चर्चमध्ये बावीस वर्षं तो आपल्या भाषेत शुभवर्तमान वाचत आला होता. गॉथांचं राज्य बुडालं आणि या वसंतात रोमन बादशहाच्या हुकमाने ते चर्च रोमनांच्या बिशपांकडे गेलं. मागच्या दोन खोल्या, ज्यांत या दोघांचा संसार होता, त्याही चर्चच्याच. बिशपांच्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, की रविवारी येऊन आमच्यासारखी प्रार्थना म्हणायची, नाहीतर खोल्या रिकाम्या करायच्या.

फरक एवढासाच. रोमन म्हणत, पित्याला आणि पुत्राला गौरव असो. गॉथ म्हणत, पुत्राच्या द्वारे पित्याला गौरव असो. रुस्तिकाना रोमन. तीस वर्षं दर रविवारी दोघं दोन चर्चमध्ये जाऊन दुपारी एका ताटात जेवत आली होती, आणि यावरून घरात कधी आवाज चढला नव्हता.

“माझ्या बाबांनी प्राण सोडताना ‘पुत्राच्या द्वारे’ असंच म्हटलं होतं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे मला. त्यांचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. चला, उशीर होतोय.”

आज तो वाचनाच्या चौथऱ्यावर नाही, खाली लोकांत उभा राहिला. बिशपांचा माणूस रांगेतून फिरत एकेका गॉथाच्या तोंडाशी कान नेत होता. दोरखंड विकणाऱ्या एका गॉथाने मान खाली घालून रोमनांसारखं म्हटलं. त्याच्या भावानेही म्हटलं. मग तो माणूस हिल्देवारसमोर थांबला. हिल्देवारचे ओठ हलले.

त्याच क्षणी शेजारी उभ्या रुस्तिकानाने सूर लावला. चारचौघांत ती कधी गायली नव्हती. आवाज घोगरा, फाटका; पण तो तिने असा काही चढवला, की पुढच्या बायका वळून पाहू लागल्या. त्या माणसाने कान चोळला, तिच्याकडे पाहिलं आणि हसू दाबत तो पुढे सरकला.

दोघं बाहेर उन्हात आली.

“मी काय म्हटलं, ऐकलंस?” त्याने विचारलं.

“माझ्याच ओरडण्यात कसं ऐकू येणार?”

“सांगू?”

“नको,” ती म्हणाली. “उद्या बिशपांच्या माणसाने मलाच विचारलं तर? मला खोटं बोलता येत नाही.”

आणि घसा खाकरून ती पुढे चालू लागली.