दारात घेतलेली रॅकेट

न्यायाधीशांच्या घरात एक नियम होता: दारात कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, अगदी चॉकलेटसुद्धा. पण "मी बाबांचा जुना मित्र" म्हणत एका काकांनी नवीकोरी बॅडमिंटनची रॅकेट पुढे केली आणि न्यायाधीशांची लेक पाघळली. तीन दिवस शाळेत नुसता भाव खाल्ला तिने.

चौथ्या दिवशी बाबांनी रॅकेट पाहिली. देणाऱ्याचं वर्णन ऐकून त्यांनी त्याला ओळखलं. एका म्हाताऱ्या नर्सबाईंचं घर बळकावणारा बिल्डर होता तो. सात वर्षं चाललेल्या त्या खटल्याचा बाबा सोमवारी निकाल देणार होते.

"मग परत देऊ ना! तुम्ही काय रॅकेटला भुलणार आहात थोडेच?"

"ते त्यालाही माहीत आहे, बाळा. पण त्याची वस्तू आपल्या घरात आली, म्हणून आता हा खटला मला सोडावा लागणार. नवे न्यायाधीश सगळं पहिल्यापासून ऐकणार. त्याला तेवढंच हवं होतं."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वरिष्ठांना पत्र लिहायला बसले.

सोमवारी रॅकेट जमा करायला ती बाबांबरोबर कोर्टात गेली. बाहेर बाकावर नर्सबाई बसल्या होत्या. तिला पाहून त्या सरकल्या.

"बस गं पोरी. आज माझा निकाल आहे."